साडेसहाच्या एसटीचा अभ्यासक्रम

६ जानेवारी, सोमवार

नवीन वही. वर्षाचे पहिले पाच दिवस गेले, पण ते तयारीत धरले तर वर्ष आजच सुरू होतं.

पहिल्या पानावर माहिती असावी म्हणून: रेणू सेवकराम धकाते. बी.ए., बी.एड. वय पंचवीस. घरातली पहिली पदवीधर. बाबा पवनीला मागावर बसतात. मी करडीच्या पुढे चार किलोमीटरवरच्या गावात हायस्कूलला शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढी मी. एप्रिलपर्यंत.

इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, तिन्ही माझ्याकडे. टाइमटेबलमध्ये आठवड्याला आठ तास, प्रत्यक्षात तीन. बाकीचे पाच बीजगणित घेऊन जातं. हेडसरांना विचारलं तर म्हणाले, मॅडम, पोरं गणितात नापास होतात, इतिहासात कोणी होऊन राहिलं का? म्हणजे विषय चांगला शिकवला जातो.

संकल्प: रोज पाचला उठणे. वर्गात गाईड दिसलं तर जप्त. सामाजिक शास्त्रांना त्यांचा मान मिळवून देणे. रडायचं नाही.

८ जानेवारी

कोर्सची आखणी पूर्ण. नाव: 'जागृत नागरिक: हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक शास्त्रांचा बारा आठवड्यांचा कोर्स'. दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर एक तास. पाठांतर नाही, परीक्षा नाही. हक्क मागता आला की पास.

हेडसरांनी लगेच परवानगी दिली. अट एकच, जाताना पंखा बंद करायचा.

११ जानेवारी, शनिवार

उपस्थिती ४१! नववी-दहावीचा मिळून पट ४६ आहे. विश्वास बसेना.

घरी येऊन घरमालकीण सत्यभामाबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, मंग कुठी बसतीन पोरं? बाराची एसटी येतपर्यंत सावली तुह्या शाळेतच हाये. मी विषय बदलला. शिक्षणाची भूक बाहेरून दिसत नाही.

बाराला दहा मिनिटं असताना सगळे एकदम उठले. वेळेची शिस्त. नोंद घेतली.

१८ जानेवारी

वर्गाला विचारलं, तुमच्या गावातला असा एक प्रश्न सांगा जो मागून सुटेल. चार मिनिटं शांतता. (चिंतन.) मग अंकुश उठला आणि त्याने विचारलं, मॅडम, हे पेपरात येते का.

मग अंजू उठली. दहावीची, दुसऱ्या बाकावरची. एरवी बोलत नाही. म्हणाली, गावात शाळा दहावीपर्यंत. पुढे भंडारा. तिथलं कॉलेज सकाळी साडेसातला भरतं आणि आपल्याकडून पहिली गाडी नऊ चाळीसला. मागच्या वर्षी सहा मुली दहावी झाल्या. पाच घरी आहेत, एक मामाकडे गेली. सकाळी साडेसहाची गाडी पाहिजे. मले शिकाचं हाये, मॅडम. एवढं बोलून खाली बसली.

कोर्सला विषय मिळाला.

१९ जानेवारी, रविवार

अंजूच्या घरी गेले. तिचे वडील जागेश्वरभाऊ ओसरीवर दोर वळत बसले होते. दोन एकर धान, दोन बैल, तीन मुली, अंजू मोठी. मी शिक्षण हक्क कायद्यावर बोलायला सुरुवात केली. मध्येच आठवलं की तो चौदा वर्षांपर्यंतच आहे आणि अंजू सोळाची आहे. मग संविधानाच्या उद्देशिकेवर आले. एकूण चाळीस मिनिटं.

त्यांनी दोर संपवला आणि म्हणाले, मी का पोरीचा दुश्मन हाओ जी? साडेसहाची गाडी आली त पाठवतो. नाही आली त कशी पाठवू? नवाच्या गाडीनं गेली त कॉलेज सुटाच्या टाइमाले पोहचन.

एक नागरिक जिंकला.

२५ जानेवारी

आतापर्यंतचा सर्वोत्तम तास. डेपोला निवेदन. विषय: सकाळी साडेसहाची बस सुरू करण्याबाबत. प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज लिहायचा, म्हणजे शासनाला एक नाही, एक्केचाळीस माणसं दिसतील. ही कल्पना माझी.

फॉर्मेटचं महत्त्व सांगितलं. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. फॉर्मेट चुकला तर शासन पुढे वाचतच नाही. फॉर्मेट सोडायचा नाही, असं तीनदा बजावलं. पण मुलांना ते आधीच येतं. मराठीच्या पेपरातल्या पत्रलेखनाची तयारी त्यांनी आठवीपासून केलेली आहे. पस्तीस मिनिटांत एक्केचाळीस अर्ज. माना खाली घालून, न अडखळता. बघत राहावं असं दृश्य.

अर्ज वाचले नाहीत. नागरिकाचा अर्ज बाईंनी तपासला तर तो नागरिक कसला? शिवाय उद्याचं भाषण बाकी होतं.

२६ जानेवारी

झेंडावंदन. भाषण चांगलं झालं. दोन मुली उन्हाने खाली बसल्या.

जिलबी वाटताना हेडसरांना लिफाफा दाखवला. ते म्हणाले, याच्यात तुमचं एक पत्र टाका, मॅडम. नाव, गाव, फोन नंबर घालून. मोठ्या माणसाची सही असली की बरं असते. मी नम्रपणे नाही म्हटलं. ही मुलांची प्रक्रिया आहे. मी मध्ये आले की ती माझी होईल. हेडसर 'बरं' म्हणाले आणि दुसरी जिलबी घेतली. प्रभावित झाले असावेत.

२८ जानेवारी

लिफाफा रजिस्टर पोस्टाने रवाना, पोचपावतीसह. पाठवणाऱ्याच्या जागी शाळेचा पत्ता आणि 'सामाजिक शास्त्रे विभाग'. विभागात मी एकटीच आहे, पण विभाग आहे.

पाचला उठणे १ फेब्रुवारीपासून.

८ फेब्रुवारी, शनिवार

पोचपावती आली! गोल शिक्का, निळी सही. वर्गात फिरवली. अंजूने दोन्ही बाजूंनी बघितली आणि विचारलं, गाडी कधीपासून येईल. मी म्हटलं, प्रक्रिया सुरू झाली आहे.

संध्याकाळी जागेश्वरभाऊंनाही दाखवली. ते म्हणाले, याच्यात गाडी कुठी लिहून हाये? ग्रामीण भागात कार्यालयीन साक्षरता कमी आहे. कोर्समध्ये एक तास वाढवावा लागेल.

१५ फेब्रुवारी

उपस्थिती ४. बाराची एसटी परवापासून सव्वाअकराला येते. त्याचा याच्याशी संबंध नाही. परीक्षा जवळ आली आहे.

जे उरले ते खरे. अंजू होती. बाकी तिघांपैकी दोघांच्या सायकली पंक्चर होत्या.

२१ फेब्रुवारी

दहावीची परीक्षा सुरू. कोर्स स्थगित. बारापैकी सहा आठवडे झाले. म्हणजे पन्नास टक्के, आणि पस्तीसला पास.

११ मार्च

डेपोचं पत्र! 'प्राप्त अर्जांच्या अनुषंगाने संबंधित गावाचे नाव कळवावे, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल.'

'पुढील कार्यवाही'खाली लाल रेघ मारली. एकच नाही, दोन.

गावाबद्दल विचारलं आहे. एवढ्या मोठ्या कार्यालयाला आमच्या गावाविषयी जाणून घ्यावंसं वाटतं. नुसतं एका शब्दाचं उत्तर पाठवणं उद्धटपणाचं दिसेल. सविस्तर अहवाल करते: 'गावाचा परिचय'. स्थान, इतिहास, जलस्रोत, लोकजीवन, दळणवळण. आठ दिवसांत पाठवायचा.

१९ मार्च

प्रकरण १, स्थान व विस्तार. अर्धं पान झालं. आठ दिवस ही मुदत मीच ठरवली होती, त्यामुळे ती मलाच वाढवता येते.

२ एप्रिल

प्रकरण २, जलस्रोत. गावचा तलाव कधीचा? तीन म्हाताऱ्यांना विचारलं, तीन उत्तरं आली. सत्यभामाबाई म्हणाल्या, माह्या लग्नात होता. संशोधन असं घाईत होत नाही.

हेडसरांनी विचारलं, डेपोचं का झालं. म्हटलं, पत्रव्यवहार चालू आहे.

३० एप्रिल

तासिका संपल्या. आजपासून मी शाळेत नाही. कागदोपत्री. हेडसर म्हणाले, जूनमध्ये बघू. 'बघू' म्हणजे होच, फक्त सावकाश.

आईचा फोन. शाळा बंद झाली, मग तिथे काय करून राहिली? अहवाल, म्हटलं. आई मग म्हणाली, शेजारचे विचारतात रेणूची नोकरी लागली का, मी लागली म्हणून सांगते. बरोबर आहे, म्हटलं. मागे मागाचा आवाज येत होता. घरी जावंसं वाटलं का, ते तपासलं. काही वाटलं नाही. स्थिरता येत आहे.

१३ मे

निकाल. अंजूला ७९ टक्के. गावात पहिली.

सामाजिक शास्त्रांत ६४. सगळ्या विषयांत कमी तिथेच. मोकळा विचार करणाऱ्या मुलांना आपली परीक्षापद्धती ओळखू शकत नाही, हे पुन्हा सिद्ध झालं.

अंजू आणि जागेश्वरभाऊ पेढे घेऊन आले. भाऊ म्हणाले, आता फॉर्म भरा लागते, मॅडम. मोबाईलवर भरते म्हणे. गाडीचं का झालं? मी अहवालाची एकतीस पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी वजन बघितल्यासारखी तळहातावर धरली आणि दोन्ही हातांनी परत केली.

२६ मे

अंजूचा फॉर्म माझ्या मोबाईलवरून भरला. कॉलेज भंडाऱ्याचं. शाखा तिने कॉमर्स टाकली. मी आर्ट्सचे फायदे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि कॉमर्सच ठेवली.

जागेश्वरभाऊंनी सांगितलं, नाव टाकून ठेवा, पण गाडी नाही आली त नाव काढू. नाराज होऊन नाही म्हणाले. जसं आहे तसं म्हणाले.

मी म्हटलं, गाडीचं माझ्यावर सोडा.

९ जून, सोमवार

डेपोत स्वतः गेले. अहवाल ३८ पानं, स्पायरल बाइंडिंग. प्रकरण ५, दळणवळण, तेवढं बाकी आहे.

खिडकीपाशी तिथल्या क्लार्क, भावना मॅडम, होत्या. चांगल्या बोलल्या. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, फाईल शोधून काढली. म्हणाल्या, हे तुमचे होय का? आम्ही किती दिवसापासून विचार करून राहिलो हे कोणाचे म्हणून.

एक्केचाळीस अर्ज. अक्षर सुंदर. समास सोडलेला. आणि प्रत्येकाच्या खाली: 'आपला विश्वासू, अ.ब.क., विद्यार्थी प्रतिनिधी'. पत्ता: 'अ.ब.क. विद्यालय, य.र.ल. नगर'. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. अंजूचाही.

उत्तरपत्रिकेत आपलं खरं नाव-गाव कुठेही यायला नको, नाही तर पेपर बाद होतो, हे आम्हीच त्यांना आठवीपासून शिकवतो. ते फॉर्मेटमध्ये बसतं.

भावना मॅडम म्हणाल्या, आम्हाले वाटलं कोण्या शाळेनं तपासाचे पेपर चुकून आमच्याकडे पाठवले. वरच्या दोनचार अर्जांवर कोणीतरी पेन्सिलीने गुणही दिले होते. पाचपैकी साडेतीन, चार. पुढे म्हणाल्या, लिफाफ्यावर शाळेचा पत्ता होता म्हणून आम्ही पत्र टाकलं ना. गाडी कोणत्या गावाले पाहिजे, तेवढं विचारलं होतं. एक शब्द होता, मॅडम. मार्चमध्ये कळवलं असतं त उन्हाळ्यात बघता आलं असतं. आता शाळांचं वेळापत्रक लागलं.

अहवाल दाखवला. त्यांनी पहिलं पान वाचलं. 'वैनगंगेच्या कुशीत' असं सुरू होतं. दुसरं उलटलं. गावाचं नाव चौथ्या पानावर आहे.

परतीच्या गाडीत उभी राहून आले. काही वाटलं नाही. करडीला एक बाई कोंबडी घेऊन चढली, ती कोंबडी सारखी माझ्याकडे बघत होती.

१० जून

चुकीचं विश्लेषण. कारणं:

१. परीक्षापद्धती.
२. पत्रलेखनाचा नमुना.
३. आठवीचे मराठीचे सर.
४. डेपोच्या पत्रातली संदिग्ध भाषा.
५. बाराच्या एसटीची बदललेली वेळ.
६. इतर.

१२ जून

अंजूला सांगितलं. वाटलं होतं रडेल. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, मॅडम, मी नाव लिहिलं होतं आधी. मंग खोडलं. तुम्हीच त म्हणाल्या, फॉर्मेट सोडाचा नाही.

तिला म्हटलं, अनुभवातून शिकणं हेच खरं सामाजिक शास्त्र. ती म्हणाली, हो जी.

'इतर'वर पुन्हा विचार करायचा आहे. सवड मिळेल तसा.

२३ जून, सोमवार

शाळा उघडली. नवीन ड्रेस घालून गेले. हेडसर व्हरांड्यातच भेटले. संस्थेने ठरवलंय की या वर्षी सामाजिक शास्त्रे गणिताचे सर घेतील, त्यांचे तास कमी भरत होते. म्हणाले, वाईट नका वाटून घेऊ मॅडम, दिवाळीनंतर बघू.

दिवाळी म्हणजे चार महिने. खोली ठेवली आहे. सत्यभामाबाईंनी आज भाजी नेहमीपेक्षा जास्त दिली.

६ जुलै, रविवार

दुसरी फेरी. जुन्या एक्केचाळीस जणांना निरोप पाठवला होता: या वेळी खरी नावं घालून अर्ज लिहू. आले तीन. रोवणा सुरू झाला, म्हणजे धानाची लावणी. सगळं गाव बांध्यांमध्ये वाकलेलं आहे, पोरंही. आलेल्या तिघांनी पंखा लावायला सांगितला. शाळेची किल्ली आता माझ्याकडे नाही, त्यामुळे आम्ही व्हरांड्यात होतो.

हेडसरांच्या जानेवारीतल्या सूचनेवर फेरविचार केला. माझं स्वतःचं पत्र पाठवायला तत्त्वतः हरकत नाही. मसुदा १ लिहिला. मायना जमत नाही.

१३ जुलै

मसुदा ६. 'मी' म्हणून लिहावं की 'आम्ही'?

१७ जुलै

अंजू आली. गुडघ्यापर्यंत चिखल, तो वाळून पांढरा झालेला. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

तिच्या बाबांनी नऊ चाळीसच्या गाडीच्या ड्रायव्हरलाच विचारलं. गाडी उभी होती, तो बिडी ओढत होता, बाबा बांध्यावर जात होते. काहून जी, सकाळची गाडी काहून नाही सोडत तुम्ही? ड्रायव्हर म्हणाला, होती ना. तीन वर्षांपूर्वीपर्यंत इथे मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपायचे आणि तीच गाडी सकाळी साडेसहाला भंडाऱ्याला निघायची. ते झोपायचे समाजमंदिरात. वादळात त्याचे पत्रे उडाले, ते कोणी लावले नाहीत. मग आम्ही कायच्यात झोपाचं? गाडी बंद झाली.

डेपोला अर्ज नको, खोली पाहिजे. कडी असलेली, मोरी असलेली, छप्पर न गळणारी. आणि ग्रामपंचायतीचं एक पत्र. जागेश्वरभाऊंनी ते पत्र परवाच घेतलं. चार ओळींचं आहे.

तीन वर्षांपूर्वी गावात गाडी मुक्कामाला होती हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही. मी तलावाबद्दल विचारत होते.

२० जुलै, रविवार

सकाळी जागेश्वरभाऊ अंगणात येऊन बसले. सत्यभामाबाईंशी पाण्यापावसाचं बोलले. कोणाचा रोवणा आटोपला, कोणाचा बाकी. दोघेही माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून कळलं.

कडी, मोरी आणि न गळणारं छप्पर अशा गावात तीन खोल्या. एकीत खताची पोती. एकीत शेजारच्या रुखमिणीबाईंची बाळंतीण मुलगी. तिसरी ही, मी राहते ती.

सत्यभामाबाई म्हणाल्या, तुले जा म्हणून नाही म्हणत मी, पोरी. तू हायेस त हायेस. त्या ड्रायव्हरचं पाहू कुठी तरी. जागेश्वरभाऊ म्हणाले, मॅडमची शाळा लागली की खोली मॅडमचीच राहीन ना. मी म्हटलं, दोन दिवस द्या, मला प्रशासकीय बाजू तपासावी लागेल.

भाऊ म्हणाले, तपासा जी. सव्वीस तारखेपर्यंत अंजीचं नाव ठेवाचं का काढाचं ते सांगा लागते कॉलेजले.

२२ जुलै

पानाचे दोन भाग केले.

खोली ठेवण्याची कारणं: दिवाळीनंतर तासिका मिळणार. अहवाल पूर्ण करायचा आहे. आई शेजाऱ्यांना नोकरी लागली म्हणून सांगते. बाबांनी मागाच्या वरच्या भिंतीवर माझा पदवीचा फोटो लावला आहे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतात.

खोली सोडण्याची कारणं:

इथे दुपारी थांबले. 'अंजू' असं लिहायला घेतलं, पण ते कारण नाही, नाव आहे.

चार वाजता अंजू बांध्यावरून परत जाताना थांबली. पायरी खराब होईल म्हणून खालीच उभी राहिली. वाटलं, खोलीचं विचारेल. तिने पाणी मागितलं. दिलं. पिऊन ग्लास उपडा ठेवला आणि म्हणाली, येतो मॅडम.

संध्याकाळी सत्यभामाबाईंना सांगितलं, देऊन टाका.

नोंद: खोली सोडलेली नाही. सार्वजनिक सुविधेसाठी तात्पुरती उपलब्ध करून दिली आहे.

२६ जुलै

जागेश्वरभाऊंनी अंजूचं नाव ठेवलं.

१० ऑगस्ट, रविवार

गाडी आली. संध्याकाळी सहा दहाला. पोरं मागे पळत आली. जागेश्वरभाऊंनी नारळ फोडला. प्रसंगाला साजेसं दोन मिनिटांचं मनोगत मी तयार ठेवलं होतं. ते म्हणेपर्यंत खोबरं वाटून झालं.

सामान आधीच सत्यभामाबाईंच्या स्वयंपाकघरात आणलं होतं. ड्रायव्हर-कंडक्टरने खोली बघितली, पाण्याचा नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली. कंडक्टरने विचारलं, ताई, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा हाये, तो काढला त चालन का? त्या खिळ्याले मच्छरदाणी बांधता येते. म्हटलं, काढा.

वाईट वाटायला हवं होतं. त्यासाठी थोडा वेळ बसून राहिले. मग सत्यभामाबाईंनी जेवायला वाढलं.

११ ऑगस्ट, सोमवार

पाचला उठले. स्टोव्ह आणि भांड्यांच्या आवाजाने.

गाडी बरोबर साडेसहाला निघाली. नऊ माणसं, त्यात चार मुली. जागेश्वरभाऊंनी माझी गादी मागच्या सीटवर चढवून दिली. बादली, स्टोव्ह, दोन पिशव्या, अहवाल. मी 'येते' म्हटलं, ते 'या' म्हणाले. सत्यभामाबाई रस्त्यापर्यंत आल्या नाहीत. दारातच उभ्या होत्या.

अंजू शेजारी बसली. नवी बॅग, दोन वेण्या. भंडारा जवळ आल्यावर विचारलं, कुठी चालल्या, मॅडम?

म्हटलं, पवनीला. मीटिंग आहे. संध्याकाळी परत.

तिने गादीकडे बघितलं. मग बादलीकडे. मग म्हणाली, बरं जी.

भंडाऱ्याला सात पंचवीसला पोहोचलो. पवनीची गाडी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला लागली होती. पिशव्या आणि बादली मला जमल्या, गादी जमेना. अंजूने बॅग पाठीवर सरळ केली आणि गादीचं एक टोक उचललं. दुसरं मी. पूर्ण स्टँड ओलांडला. माणसं बाजूला होत होती. पवनीच्या गाडीत गादी दारातून आडवी जाईना, मग तिने आत चढून ओढली. तिच्या नव्या ड्रेसला बाहीपाशी काळं लागलं.

तोपर्यंत पावणेआठ झाले होते. मी म्हटलं, जा आता, उशीर झाला. ती म्हणाली, संध्याकाळच्या गाडीत तुमची जागा धरून ठेवतो, मॅडम. आणि पळाली.

तिचा पहिला तास बुडाला. कोणत्या विषयाचा होता, ते विचारायचं राहिलं.